ऊष्मा, व्यवस्था आणि तरंग : चुंबकी पदार्थांतील परिवलन-तरंगांचे तापमानाशी नाते

१. प्रतिमा आणि पदार्थ

लोहचुंबक हा पदार्थ तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. प्लेटोच्या ‘आयॉन’ या संवादात काव्यप्रेरणेचे स्वरूप स्पष्ट करताना सॉक्रेटिस चुंबकपाषाणाचा दृष्टांत देतो. पाषाण लोखंडी कडीला आपल्याकडे ओढतो आणि तिच्या ठिकाणी आपले सामर्थ्य संक्रांत करतो. मग ती कडी दुसऱ्या कडीला ओढते आणि अशी साखळी तयार होते. काव्यदेवता, कवी, काव्यगायक आणि श्रोते हे या साखळीतील क्रमाने येणारे दुवे होत. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेव देवांना सांगतो, की संयमाने निश्चल झालेले शंकराचे मन उमेच्या रूपाने आकृष्ट करा, अयस्कांत लोखंडाला आकृष्ट करतो तसे. वैशेषिक सूत्रांत सुईचे मण्याकडे सरकणे ‘अदृष्टा’च्या खाती टाकलेले आहे. लुक्रीशियस आपल्या महाकाव्याच्या सहाव्या खंडात हेच आकर्षण पाषाणातून वाहणाऱ्या सूक्ष्म कणांच्या आधारे उलगडू पाहतो.

या चारही ठिकाणी एक ओढणारा आणि एक ओढला जाणारा अशी मांडणी आहे. साहित्याभ्यासातील ‘प्रभाव’ या संकल्पनेच्या मुळाशीही बहुतेक वेळा हीच मांडणी असते. विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाने मात्र चुंबकाविषयीचा प्रश्नच बदलला. चुंबक लोखंडाला का ओढतो, यापेक्षा चुंबकाच्या अंतरंगात कोट्यवधी सूक्ष्म घटक एकाच दिशेला तोंड करून कसे राहतात आणि ऊष्मा दिल्यावर त्यांची ही व्यवस्था कशा प्रकारे ढासळते, हा प्रश्न मध्यवर्ती ठरला. या ढासळण्याचे जे उत्तर मिळाले, ते ‘परिवलन-तरंग’ या संकल्पनेत आहे. प्रस्तुत लेखात ती संकल्पना गणिती सूत्रे टाळून समजावून देण्याचा आणि साहित्याभ्यासाशी तिचा संबंध कोठपर्यंत पोहोचतो हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२. व्यवस्था कोठून येते?

इलेक्ट्रॉनाला विद्युत्‌भाराखेरीज आणखी एक अंगभूत गुणधर्म असतो. त्याला ‘स्पिन’ किंवा परिवलन म्हणतात. स्वतःभोवती फिरणाऱ्या भोवऱ्याशी त्याचे साधर्म्य कल्पिलेले असले, तरी ते साधर्म्य शब्दशः घ्यावयाचे नाही. या परिवलनामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन एका अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. बहुसंख्य पदार्थांत हे सूक्ष्म चुंबक जोडीजोडीने परस्परांना निष्प्रभ करतात. लोखंड, कोबाल्ट, निकेल यांसारख्या मोजक्या पदार्थांत काही इलेक्ट्रॉन असे निष्प्रभ होत नाहीत आणि शेजाऱ्याच्या दिशेलाच आपली दिशा ठेवतात. अशा पदार्थांना लोहचुंबकी पदार्थ म्हणतात. एका दिशेला वळलेल्या या सर्व सूक्ष्म चुंबकांच्या बेरजेला आपण येथे ‘चुंबकन’ म्हणू.

शेजाऱ्यांना समांतर ठेवणारे हे बल चुंबकी नाही, ही गोष्ट प्रथमदर्शनी आश्चर्याची वाटते. दोन सूक्ष्म चुंबकांमधील प्रत्यक्ष चुंबकी बल इतके दुबळे असते, की निरपेक्ष शून्याच्या वर एखाद्या अंश तापमानालाच ऊष्मा त्यावर मात करील. लोखंडाचे चुंबकत्व मात्र १०४३ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. या विसंगतीचा उलगडा वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२८ मध्ये केला. इलेक्ट्रॉनांमधील विद्युत् प्रतिसारण आणि दोन इलेक्ट्रॉनांनी एकच अवस्था व्यापू नये हा पुंजयामिकीचा नियम, या दोहोंच्या संयोगातून शेजारच्या परिवलनांना समांतर राहणे ऊर्जेच्या दृष्टीने ‘स्वस्त’ पडते. याला विनिमय आंतरक्रिया म्हणतात. ती फार थोड्या अंतरावर चालते. म्हणजे प्रत्येक परिवलन आपल्या निकटच्या शेजाऱ्यांशीच सुसंगत राहते. दूरवरून आज्ञा देणारे कोणतेही केंद्र तेथे नसते. एवढ्या स्थानिक व्यवहारातून स्फटिकभर पसरलेली एकदिशता निर्माण होते.

३. एकेकटे उलटणे आणि सामायिक कलणे

निरपेक्ष शून्य तापमानाला सर्व परिवलने समांतर असतात. आता थोडी ऊष्मा दिली, तर काय घडेल? या प्रश्नाची दोन उत्तरे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आली आणि त्यांतील फरकच या लेखाचा गाभा आहे.

पहिले उत्तर प्येर वाईस यांच्या १९०७ मधील सिद्धांतावर आधारलेले आहे. प्रत्येक सूक्ष्म चुंबक उरलेल्या सर्वांच्या सरासरी प्रभावक्षेत्रात एकटा उभा आहे, असे वाईस यांनी मानले. ऊष्मेने त्याला उलटे करायचे, तर त्या संपूर्ण सरासरी क्षेत्राशी झुंज द्यावी लागते. त्याची किंमत मोठी असते. ती न परवडल्यास काहीच घडत नाही. या चित्रानुसार कमी तापमानाला चुंबकन जवळजवळ अबाधित राहते आणि क्यूरी तापमानाच्या जवळ पोहोचल्यावर वेगाने कोसळते. क्यूरी तापमान म्हणजे ज्या तापमानाला पदार्थाचे लोहचुंबकत्व नष्ट होते ते तापमान.

दुसरे उत्तर फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्ये दिले. एका परिवलनाने पूर्ण उलटे होणे महाग असेल, पण तेच उलटे होणे सर्वांनी थोडेथोडे वाटून घेतले तर? समजा, एका रांगेतील प्रत्येक परिवलन आपल्या मूळ दिशेपासून किंचित कलले, आणि त्याचा कल शेजाऱ्याच्या कलापेक्षा अगदी थोडाच वेगळा राहिला. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील तफावत नगण्य असल्यामुळे विनिमय ऊर्जेचा खर्चही नगण्य होतो. वाऱ्याच्या झुळकीने ज्वारीच्या शेतावरून लहर जावी, तशी ही कलण्याची अवस्था स्फटिकातून पुढे सरकते. फरक इतकाच, की येथे प्रत्येक कणीस पुढे-मागे न झुलता भोवऱ्याच्या अक्षाप्रमाणे मूळ दिशेभोवती लहानसे वर्तुळ काढत असते आणि प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा किंचित मागे असतो. हाच परिवलन-तरंग. पुंजयामिकीच्या नियमानुसार तो हवा तेवढा लहान-मोठा असू शकत नाही; त्याचेही सुटे पुंज असतात. त्यांना मॅग्नॉन म्हणतात. एक मॅग्नॉन निर्माण झाला, की संपूर्ण स्फटिकाच्या परिवलनातून नेमके एक एकक कमी होते. एक उलटे होणे एवढाच तोटा. परंतु तो कोणा एकाच्या नावावर मांडता येत नाही.

तरंगलांबी जितकी अधिक, तितकी शेजाऱ्यांमधील तफावत कमी आणि तितकी ऊर्जेची किंमतही कमी. नेमके सांगायचे तर तरंगलांबी दुप्पट केली, की किंमत एकचतुर्थांश होते. म्हणून अत्यल्प ऊष्माही काही लांब तरंग जागे करू शकते. त्रिमितीय स्फटिकात दिलेल्या तापमानाला परवडणाऱ्या अशा तरंगांची मोजदाद केली, तर ती तापमानाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते, असे ब्लॉख यांना आढळले. तापमान चौपट केले तर मॅग्नॉनांची संख्या आठपट होते आणि चुंबकनातील घटही आठपट होते. हा ‘ब्लॉखचा दीड-घात नियम’ होय.

दोन्ही चित्रांतील फरक आकड्यांत पाहण्यासारखा आहे. १०० केल्व्हिनला, म्हणजे शून्याखाली १७३ अंश सेल्सिअसला, वाईस यांचे चित्र साध्यात साधे रूप घेऊन लोखंडाला लावले, तर चुंबकनातील घट अब्जात सुमारे दोन भाग येते. ब्लॉख यांच्या नियमानुसार ती हजारात सुमारे तीन भाग येते. अंदाजांतील अंतर दशलक्षपटीहून अधिक आहे. मापन ब्लॉख यांच्या बाजूने कौल देते. एकाच पदार्थाविषयीच्या दोन प्रतिमा, एक एकाकी बंडखोराची आणि दुसरी सामायिक कलाची, येथे समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांतील कोणती खरी हे मोजून ठरले.

४. मेहरौलीचा स्तंभ : एक हिशेब

दिल्लीत राहणाऱ्या वाचकाला हे सारे प्रयोगशाळेपुरते वाटू नये, म्हणून एक परिचित लोखंडी वस्तू घेऊ. कुतुबमिनारच्या आवारातील लोहस्तंभ सुमारे सव्वासात मीटर उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा आहे. त्यावरील ‘चंद्र’ नामक राजाचा संस्कृत लेख शार्दूलविक्रीडित वृत्तातील तीन श्लोकांचा आहे आणि हा राजा म्हणजे गुप्तवंशीय दुसरा चंद्रगुप्त, असे सामान्यतः मानले जाते. हा स्तंभ गंजत नाही म्हणून प्रसिद्ध आहे; आपल्याला त्याचा उपयोग निराळ्या कारणासाठी करायचा आहे.

दिल्लीतील कडाक्याच्या थंडीची रात्र पाच अंश सेल्सिअसची आणि ऐन उन्हाळ्याची दुपार पंचेचाळीस अंशांची धरू. निरपेक्ष मापात हे २७८ आणि ३१८ केल्व्हिन होतात. शुद्ध लोखंडाचे चुंबकन निरपेक्ष शून्याच्या तुलनेत नेहमीच्या तापमानाला सुमारे दोन टक्क्यांनी कमी असते. दीड-घात नियम लावला, तर पौषातील रात्र आणि ज्येष्ठातील दुपार यांमधील फरक हजारात सुमारे तीन-चार भागांचा येतो. स्तंभातील लोखंड शुद्ध नाही. त्यात फॉस्फरस आणि धातुमळीचे अंश आहेत. तेव्हा हा हिशेब अदमासाचा आहे. पण त्याचा आशय महत्त्वाचा आहे. बाहेरून दीड सहस्रकाहून अधिक काळ निश्चल उभ्या असलेल्या स्तंभात दर ऋतूला तरंगांची भरती-ओहोटी चालू असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. स्तंभ हा एकसंध चुंबकाप्रमाणे वागत नाही, कारण लोखंडाचा तुकडा अनेक सूक्ष्म ‘क्षेत्रां’त विभागलेला असतो आणि प्रत्येक क्षेत्राची दिशा वेगळी असते. ही कल्पनाही वाईस यांचीच. प्रत्येक क्षेत्राच्या आत व्यवस्था असते. क्षेत्राक्षेत्रांत मात्र एकमत नसते. वर केलेला हिशेब एकेका क्षेत्राच्या अंतर्गत चुंबकनाचा आहे.

५. तरंगांचे दर्शन

चुंबकनातील घट मोजून तरंगांचे अस्तित्व अनुमानाने सिद्ध होत होते. प्रत्यक्ष दर्शनासाठी न्यूट्रॉनांची गरज पडली. न्यूट्रॉनाला विद्युत्‌भार नसतो, पण तोही सूक्ष्म चुंबक असतो. तो स्फटिकात शिरला, की वाटेत एखादा मॅग्नॉन निर्माण करतो किंवा असलेला शोषून घेतो. बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनाच्या वेगात आणि दिशेत पडलेल्या फरकावरून त्या तरंगाची लांबी आणि ऊर्जा दोन्ही वाचता येतात. बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी कॅनडात १९५७ मध्ये या पद्धतीने परिवलन-तरंगांचा माग काढला. त्यांनी निवडलेला पदार्थ होता मॅग्नेटाइट, म्हणजे प्लेटोच्या संवादातला चुंबकपाषाणच. ब्रॉकहाउस यांना क्लिफर्ड शल यांच्यासमवेत १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रॉकहाउस यांच्यासोबत कॅनडात काम केलेल्या पी. के. अय्यंगार यांनी पुढे मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे न्यूट्रॉन-विकिरणाच्या संशोधनाचा पाया घातला आणि महाराष्ट्राच्या भूमीवर ही परंपरा रुजली.

६. तापमान वाढत जाताना

तापमानाचा परिणाम केवळ तरंगांची संख्या वाढण्यापुरता नसतो. तो तिहेरी असतो.

पहिला परिणाम संख्येचा. तो वर आलाच आहे. दुसरा ऊर्जेचा. मॅग्नॉनांची गर्दी झाली, की प्रत्येक नवा तरंग आधीच कललेल्या परिवलनांमधून प्रवास करतो. शेजाऱ्यांची परस्परांवरील पकड सरासरीने सैल झालेली असते, म्हणून त्याच लांबीचा तरंग आता आणखी स्वस्त पडतो. याला तरंगांचे ‘मृदू होणे’ म्हणतात. व्यवस्थेची झालेली हानी पुढील हानी सोपी करते आणि क्यूरी तापमानाजवळ ही प्रक्रिया झपाट्याने पुढे जाते. तिसरा परिणाम आयुर्मानाचा. मॅग्नॉन परस्परांवर आदळतात, विखुरतात आणि अल्पजीवी होतात. न्यूट्रॉन-मापनातील त्यांची रेखीव शिखरे रुंद आणि पसरट होत जातात.

कमी तापमानाला मात्र या टकरी आश्चर्यकारक रीतीने क्षीण असतात. हे १९५६ मध्ये फ्रीमन डायसन यांनी सिद्ध केले. निबंधकार म्हणूनही वाचकांना परिचित असलेल्या या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की मॅग्नॉनांच्या परस्परक्रियेमुळे पडणारी दुरुस्ती तापमानाच्या चौथ्या घाताची, म्हणून कमी तापमानाला अगदीच किरकोळ असते. लांब तरंग एकमेकांतून जवळपास अडथळ्यावाचून आरपार जातात. ब्लॉख यांचा सरळ हिशेब इतका यशस्वी का ठरला, याचे हे उत्तर होते.

क्यूरी तापमान ओलांडल्यावर काय उरते? दूरवरची एकदिशता संपते, लांब तरंगही संपतात. तथापि लोखंड आणि निकेल यांवरील १९७० नंतरच्या न्यूट्रॉन-प्रयोगांत क्यूरी तापमानाच्या वरही आखूड अंतरावर तरंगसदृश हालचालीच्या खुणा दिसल्या आणि त्यांचा अर्थ कसा लावावा यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील सुसंगती सार्वत्रिक व्यवस्थेनंतरही काही काळ तग धरते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

७. मिती आणि दिशा

ब्लॉख यांच्या १९३० च्या लेखातच एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष होता. स्फटिक त्रिमितीय असेल तर लांब तरंगांची संख्या मर्यादित राहते. पण एकाच थराचा, म्हणजे द्विमितीय पदार्थ घेतला, तर स्वस्त तरंगांची बेरीज अमर्याद होते. अशा थरात निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला व्यवस्था टिकणार नाही. मर्मिन आणि वाग्नर यांनी १९६६ मध्ये हे काटेकोरपणे सिद्ध केले. त्यांच्या सिद्धतेला एक अट आहे : सर्व दिशा समान असाव्यात. परिवलनाला एखादी दिशा अधिक प्रिय असेल, तर सर्वांत लांब तरंगालाही काही किमान किंमत मोजावी लागते. ही किमान किंमत म्हणजे व्यवस्थेचे संरक्षक कवच. २०१७ मध्ये क्रोमियम ट्राय-आयोडाइड या पदार्थाचा एकच थर ४५ केल्व्हिनपर्यंत लोहचुंबकी राहतो असे दिसून आले, ते या दिशाभेदामुळेच.

स्फटिकातील चुंबकी दिशाभेद हा विषय दिल्लीला जवळचा आहे. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक कार्यमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन (१८९८–१९६१) यांनी ढाका आणि कलकत्ता येथील आपल्या उमेदीच्या काळात नेमका याचाच अभ्यास केला होता. बारीक तंतूला टांगलेला स्फटिक चुंबकी क्षेत्रात कोणत्या कोनात वळतो, यावरून त्याच्या अंतर्गत रचनेचा वेध घेण्याच्या त्यांच्या पद्धती नावाजल्या गेल्या. त्यांचे स्फटिक लोहचुंबकी नव्हते, परिवलन-तरंग हा त्यांचा विषयही नव्हता. तथापि स्फटिकाला ‘आवडती दिशा’ असते आणि ती मोजता येते, हा त्यांच्या कार्याचा आशय पुढे द्विमितीय चुंबकांच्या संदर्भात नव्याने महत्त्वाचा ठरला. त्यांचे समकालीन शांतिस्वरूप भटनागर यांनी चुंबकीय रसायनशास्त्रात मूलभूत काम केले. ते उर्दूत कविता लिहीत आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगीत त्यांचेच आहे. आज लोहस्तंभापासून फारशा दूर नसलेल्या हौजखास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पातळ चुंबकी थरांवर संशोधन चालते. विद्युत्‌प्रवाहाऐवजी परिवलन-तरंगांकरवी माहिती वाहून नेता येईल काय, हा या क्षेत्राचा जागतिक पातळीवरील एक प्रश्न आहे. वाहून न्यायचा तरंग ऊष्मेने जागवलेल्या तरंगांच्या कोलाहलात हरवू नये, ही त्यातली एक मोठी अडचण होय.

८. साहित्याभ्यासकाने काय घ्यावे?

या विवेचनातून साहित्याच्या अभ्यासकाने घाईने रूपक उचलू नये, हे प्रथम सांगितले पाहिजे. परिवलने परस्परांहून अभिन्न असतात. त्यांना स्मृती नसते, हेतू नसतो. कवी आणि वाचक यांना ते सारे असते. भौतिकीतील तापमान ही मोजता येणारी राशी आहे. ‘सामाजिक तापमान’ हा शब्दप्रयोग तसा नाही.

तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वाईस आणि ब्लॉख यांच्या प्रतिमांतील फरक हा केवळ वर्णनशैलीचा फरक नव्हता. प्रत्येक प्रतिमेच्या पोटात एक हिशेब होता आणि दोन हिशेब परस्परांशी जुळत नव्हते. आपल्या वाङ्मयेतिहासात ‘प्रभाव’, ‘प्रवाह’, ‘लाट’ हे शब्द आपण अदलाबदल करून वापरतो. त्यांच्या पोटातील हिशेब मात्र एक नसतो. नामदेवांची एकसष्ट पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. मराठी संतकवीचा उत्तरेतील हा संचार ‘आयॉन’मधील साखळीसारखा मानला, तर आपण क्रमाने येणारे दुवे शोधले पाहिजेत : कोणी कोणाकडून ऐकले, कोठे उतरवून घेतले, दर टप्प्याला काय क्षीण झाले. तो सामायिक कल मानला, तर पुरावा वेगळा हवा : अनेक प्रदेशांत, परस्परांशी थेट संबंध नसतानाही, भाषेत, छंदात आणि देवाच्या संबोधनात जवळपास एकाच काळी झालेले लहान-लहान बदल. पहिल्या चित्रात एखादा दुवा सापडला नाही तर सिद्धांत अडतो. दुसऱ्या चित्रात एकच थोर कवी सापडला आणि शेजारी काहीच हललेले दिसले नाही, तर सिद्धांत अडतो.

कोणते चित्र खरे, हे त्या-त्या प्रकरणी पुराव्याने ठरावे. मात्र ‘लाट’ हा शब्द वापरणाऱ्याने काय कलले, किती कलले आणि शेजाऱ्यापेक्षा किती वेगळे कलले, हे सांगण्याची जबाबदारी पत्करली पाहिजे. ब्लॉख यांनी ती पत्करली होती, म्हणून त्यांची प्रतिमा प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरू शकली. आपल्या प्रतिमांनाही चुकीचे ठरण्याची तेवढी मोकळीक असली पाहिजे.